जुन्या आय-फाइव्ह ८४०० वर आरएक्स ६६०० बसवलं, कसं चाललंय ते सांगतो

ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगतो. घरी इंटेलचा आय-फाइव्ह ८४०० प्रोसेसर (सीपीयू), बी३६० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि साधा १०८०पी मॉनिटर असं मशीन असेल आणि त्यात अजून एनव्हिडियाचं १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड रडतखडत चालत असेल तर एएमडीचं आरएक्स ६६०० कार्ड बिनधास्त घ्या, आणि त्याच्या वरचं काही घेऊ नका, पैसे वाया जातील. का ते आता सविस्तर.

१०५० टीआय आलं ऑक्टोबर २०१६ ला, ४ जीबी मेमरी, ७५ वॅट, बहुतेक मॉडेल्सना वेगळी पॉवर केबलसुद्धा लागायची नाही, त्यामुळे आपल्याकडे घराघरात तेच. जीटीए ५ आणि व्हॅलोरंटला ते आजही पुरतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता प्रश्न सेटिंग कमी करून भागण्याचा राहिलेलाच नाही. डूम द डार्क एजेस किंवा इंडियाना जोन्सच्या गेमला हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवायची सोय) असलेलं कार्डच लागतं, आणि दोन्हींच्या किमान हार्डवेअरच्या यादीत एएमडीकडून नाव आहे ते आरएक्स ६६०० चंच. वर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर ९०० आणि १००० सिरीजला नवीन गेम्सचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) देणं थांबवलंय, फक्त सिक्युरिटी अपडेट २०२८ पर्यंत. म्हणजे कार्ड जिवंत आहे पण रिटायर झालंय.

खरेदीला ठाण्याहून गाडी पकडली, दादरला बदलून ग्रँट रोड, तिथून कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड. ऑनलाइन पण मिळतं पण मला डबा हातात घेऊन बघायचा असतो. एका दुकानात (नाव घेत नाही) दुकानदार भाऊ एनव्हिडियाच्या ३०५० चं ६ जीबी मॉडेल गळ्यात मारायच्या मागे, "आरटीएक्स आहे साहेब, पॉवर केबल पण नको, लावा आणि खेळा". केबलचं खरं आहे, ७० वॅटमध्ये चालतं ते. पण ३०५० नावाची दोन वेगवेगळी कार्डं आहेत हे कोणी सांगत नाही. २०२२ च्या ८ जीबीवाल्यात २५६० कोअर आणि १२८ बिटची बस (मेमरीकडे जायचा रस्ता), २०२४ च्या ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. नुसती मेमरी कमी केली असं नाही, कार्डच कापलंय. कोणाकडे ऑफिसमधून निघालेलं ब्रँडेड डबडं असेल आणि त्यात एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलताच येत नसेल तर त्याच्यासाठी ते ६ जीबी खरंच चांगलं आहे. माझ्यासाठी नाही.

दुसऱ्या काउंटरवर एएमडीचं ६५०० एक्सटी दाखवलं, स्वस्त. जुन्या मशीनवाल्यांनी त्याच्यापासून तर लांबच राहायचं, कारण ते स्लॉटमधल्या १६ पैकी फक्त ४ लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं. पीसीआयई ४.० स्लॉटवर चालून जातं, पण आपले बोर्ड ३.०, म्हणजे आधीच अरुंद रस्ता आणखी अर्धा झाला, त्यात मेमरी ४ जीबी, ती भरली की गेम अडखळतो. ६६०० पण पूर्ण १६ लेन घेत नाही, ८ घेतं, पण ८ जीबी मेमरी असल्यामुळे ३.० वर जाणवण्यासारखा फरक पडत नाही. इंटेलच्या आर्क कार्डाचा विचारच केला नाही, त्याला रिसाइझेबल बार (सीपीयूला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं आणि इंटेल स्वतःच दहाव्या जनरेशनच्या पुढचं मशीन सांगतं.

शेवटी ६६०० चं सफायर कंपनीचं पल्स मॉडेल घेतलं, वीस-बावीस हजारांच्या घरात पडलं. दोन फॅन, लांबी वीस सेंटीमीटरच्या आत, त्यामुळे माझ्या चिंचोळ्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा न काढता बसलं. आणि गेम चालू नसताना फॅन पूर्ण बंद असतात, रात्री आईची झोपमोड नाही.

आता एसएमपीएस. कार्ड १३२ वॅटचं आहे आणि एक ८ पिनची केबल लागते, एएमडी ४५० वॅट सांगतं. पण कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर ५०० वॅट छापलंय म्हणून खुश होऊ नका. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा, कामाचे वॅट तेवढेच. गुणाकार ३०० च्या आत आला तर आधी एसएमपीएस बदला, कार्ड पुढच्या पगाराला. आणि मोलेक्स म्हणजे जुन्या ४ पिनच्या केबलवरून ८ पिन करायचे ते जुगाडू कन्व्हर्टर नकोच.

अजून एक, ह्या कार्डावर डीव्हीआय नाही, व्हीजीए तर नाहीच. फक्त एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट. जुना मॉनिटर असेल तर केबलचं आधी बघून ठेवा.

बसवणं सोपं आहे. जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरने साफ केला, कार्ड लावलं, नवीन ड्रायव्हर टाकला, झालं.

परफॉर्मन्स म्हणाल तर रेड डेड २ हायवर मख्खन. सायबरपंकमध्ये मोकळ्या रस्त्यावर सेकंदाला साठ फ्रेमच्या वर, पण बाजारातल्या गर्दीत शिरलं की घसरतं, आणि तिथे दोष कार्डाचा नाही. आफ्टरबर्नर (कोणावर किती भार आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर सीपीयू शंभर टक्के आणि कार्ड आरामात बसलेलं. ८४०० ला ६ कोअर पण थ्रेडही (एका वेळी हाताळता येणारी कामं) ६ च, त्यामुळे मोठ्या शहरांच्या गेम्समध्ये त्याची दमछाक होते. म्हणूनच म्हटलं वरचं कार्ड नको, ते पण असंच बसून राहील. मी ६० वर फ्रेम कॅप (फ्रेमची कमाल मर्यादा) लावला आणि झटके बरेच कमी झाले. एएमडीचा एक फायदा इथे होतो, डायरेक्टएक्स १२ (गेम आणि कार्डामधला विंडोजचा दुवा) मध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर सीपीयूवर जास्त भार टाकतो असं २०२१ मध्ये टेस्टिंगवाल्यांनी दाखवलं होतं, आणि जुन्या सीपीयूला तेवढंही पुष्कळ.

नावडलेलं पण लिहितो. रे ट्रेसिंग आहे म्हणायला आहे, ज्या गेमला सक्तीचं आहे तिथे चालतं, बाकी ठिकाणी बंदच ठेवा. एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवायची एएमडीची सोय) १०८०पी वर झाडंझुडपं आणि जाळ्या भुरकट करतं, एनव्हिडियाचं डीएलएसएस याबाबतीत खूप पुढे आहे. ब्लेंडर किंवा स्ट्रीमिंग करणाऱ्यांनी एनव्हिडियाच बघावं. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एएमडीने ५००० आणि ६००० सिरीजचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत टाकले, लोकांनी बोंबाबोंब केल्यावर नवीन गेम्सचा सपोर्ट चालू राहील असं सांगितलं. सांगितलंय खरं, पण माझा पूर्ण भरवसा नाही.

सेकंडहँड घेणार असाल तर दुकानातच अर्धा तास गेम चालवून तापमान बघा आणि मूळ बिल मागा. नवीन घेतलं तर बिलावर कार्डाचा सिरीयल नंबर छापून घ्या, वॉरंटीला गेल्यावर पहिला प्रश्न तोच येतो.