‘हँडलची थरथर ८० टक्के कमी’ करणारे किट: एक फसवणुकीचा अनुभव

मोटारसायकलच्या हँडलची थरथर कमी करून देतो, असे सांगून विकल्या जाणाऱ्या एका किटपायी माझे ६,८०० रुपये गेले. पैसे गेले याचे दुःख आहेच. परंतु त्या किटमुळे घाटात अॅक्सिलरेटर अडकण्याचा प्रसंग ओढवला, ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. तेच किट आजही विकले जात असल्यामुळे हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्याने विक्रेत्याचे नाव देत नाही. गाडीचेही देत नाही, कारण यात तिचा काही दोष नाही.

गाडी २०० सीसीच्या वर्गातली, एका सिलिंडरची आहे आणि पुणे-सातारा महामार्गावर तिच्यावरून माझे नेहमीचे जाणेयेणे असते. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास तिच्या हँडलला बारीक थरथर येत असे आणि शिरवळ गाठेपर्यंत उजव्या हाताची करंगळी व अनामिका बधिर होत असे. या दोन बोटांकडे जाणारी नस तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने जाते आणि ग्रिपचा दाब बरोबर तिथेच पडतो. कामगारांच्या बाबतीत हा विषय इतका गांभीर्याने घेतला जातो की, युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशात हातांपर्यंत पोहोचणाऱ्या कंपनांची आठ तासांची मर्यादाच घालून दिलेली आहे. मोटारसायकलस्वाराला असे संरक्षण कुणी देत नाही. तो बाजारात उपाय शोधतो, आणि तिथे त्याची गाठ अशा विक्रेत्यांशी पडते.

फसवणूक नेमकी कुठे झाली हे कळण्यासाठी थरथरीचे कारण थोडक्यात सांगावे लागेल. एका सिलिंडरच्या इंजिनात वर-खाली होणाऱ्या पिस्टनचा धक्का क्रँकवरच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्यावरच्या, प्रतिभाराने पूर्ण नाहीसा होत नाही. त्याचा काही भाग उभ्या दिशेतून आडव्या दिशेत वळवला जातो, इतकेच. इंजिनाचे फेरे दुप्पट झाले की या धक्क्याचा जोर चौपट होतो. म्हणूनच अनेक इंजिनांत बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे उलट धक्का देऊन हा धक्का खोडणारा वजनदार दांडा, बसवतात. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये मिटिऑर ३५० सोबत आणलेल्या नव्या इंजिनात तो आला, तेव्हा जुन्या ३५० च्या चालकांना फरक हाताला जाणवला होता. परंतु सगळा दोष इंजिनाचाच असतो असे नाही. हँडल ही एक पोकळ नळी आहे आणि प्रत्येक नळीची थरथरण्याची स्वतःची एक लय असते. माझ्या गाडीचे इंजिन वरच्या गिअरमध्ये ८० च्या वेगाला मिनिटाला सुमारे ६,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १०० धक्के देते. हँडलची लय या आकड्याच्या जवळपास असेल, तर इंजिनाचा किरकोळ धक्काही हँडलवर कितीतरी मोठा होऊन येतो.

हँडलच्या दोन्ही टोकांना जी वजने असतात, ज्यांना गॅरेजमध्ये हँडल वेट म्हणतात, ती याचसाठी असतात. टोकाला वस्तुमान वाढले की नळीची लय मंदावते आणि तिची जोराची थरथर आपल्या नेहमीच्या वेगाच्या पट्ट्याबाहेर सरकते. ती सरकते, संपत नाही, हे लक्षात ठेवावे. कारण मग ‘थरथर ८० टक्के कमी’ असा दावा किती फेऱ्यांवर आहे हे सांगितल्याशिवाय त्याला काहीच अर्थ उरत नाही. दुसरे असे की, हँडल वेटमध्ये कामाचे असते ते वजन. रंग, नक्षी, चकाकी यांचा थरथरीशी संबंध नाही.

किटची जाहिरात मला फोनवर दिसली आणि पुण्याच्या उपनगरातल्या विक्रेत्याच्या गाळ्यावर मी ते बसवून घेतले. त्यात प्रत्येकी २५० ग्रॅमची ‘टंगस्टनची’ हँडल वेट, जाड जेल ग्रिप आणि हँडलच्या नळीत सरकवायची एक रबरी कांडी असे तीन प्रकार होते. टंगस्टनचे नाव घेण्यात हुशारी होती. हा धातू खरोखर अतिशय जड आहे. त्याची घनता दर घनसेंटीमीटरला १९.३ ग्रॅम, म्हणजे लोखंडाच्या जवळजवळ अडीचपट आहे, आणि लहान आकारात जास्त वजन बसवायचे असेल तर तो उत्तमच. बसवणाऱ्या मुलाने माझी मूळ हँडल वेट काढली, ‘काका, ही कंपनीची हलकी असतात, भंगारच आहे’ असे म्हणून ती बाजूच्या डब्यात टाकली आणि नवी लावली. तो डबा त्याने सगळ्यात आधी का भरला, हे पुढे उमगले.

त्यानंतर प्रात्यक्षिक झाले. फोनमधल्या एका अॅपवर थरथरीचा आलेख दाखवण्यात आला: किट लावण्यापूर्वी उंच उंच रेघा, लावल्यानंतर सपाट. दोन्ही वेळी गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये होती. मग मला गल्लीत एक चक्कर मारायला सांगितले आणि गाडी खरोखरच मऊ चालल्यासारखी वाटली. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खासगी खात्यावर घेतले गेले. बिलाबद्दल विचारले तेव्हा ‘व्हॉट्सअॅपवर पाठवतो’ असे उत्तर मिळाले. ते बिल कधीच आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोल पंपावर हवा तपासली तेव्हा दोन्ही चाकांतली हवा नेहमीपेक्षा बरीच कमी निघाली. हवा कमी केली की टायर खड्डे गिळतो आणि गल्लीतल्या चकरेत गाडी हमखास मऊ वाटते. इंजिनाच्या थरथरीवर मात्र त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. ही युक्ती नवी नाही, असे पुढे आमच्या जुन्या मेकॅनिकने सांगितले. कमी हवेवर महामार्गावरून जोरात जाणे किती धोक्याचे असते ते वेगळे सांगायला नको, आणि गिऱ्हाइकाच्या नकळत हवा काढणाऱ्याने तो धोका गृहीतच धरलेला असतो.

हवा पूर्ववत करून साताऱ्याला निघालो तर थरथर पहिल्याहून जास्त होती. खंबाटकी घाटात एका ट्रकला ओलांडून अॅक्सिलरेटर सोडला, तो परत आलाच नाही. इंजिन तसेच ओरडत राहिले. क्लच दाबून आणि हँडलवरचे लाल बटण बंद करून गाडी कडेला घेतली. कारण पाहिले तर साधे होते. जेल ग्रिप मूळ ग्रिपपेक्षा लांब होती आणि नवे हँडल वेट तिच्यावर घट्ट दाबून बसवलेले होते. त्यामुळे उष्णतेने रबर थोडे फुगताच ग्रिप वेटला घासून अडकत होती. उजव्या बाजूची ग्रिप आणि हँडल वेट यांच्यामध्ये थोडी फट असलीच पाहिजे, आणि अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडला की तो आपोआप खटकन परत आला पाहिजे; ही चाचणी हँडल डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवूनही करायची असते. किट बसवणाऱ्याने ती केली नव्हती. मी हा भाग लांबवतो आहे, कारण पैसे बुडणे आणि उतारावरच्या वळणावर अॅक्सिलरेटर अडकणे या एका तोलाच्या गोष्टी नाहीत.

परत आल्यावर दोन्ही वेट काढून ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवली. दोन्हींचे मिळून वजन ११८ ग्रॅम भरले, म्हणजे एकेक ५९ ग्रॅमचे. खोक्यावर २५० छापलेले होते. मग खुणा असलेल्या मापपात्रात पाणी घेऊन दोन्ही त्यात बुडवली. पाणी ४३ मिलिलिटर वर चढले. ११८ ला ४३ ने भागले की घनता पावणेतीनच्या आसपास येते, आणि ही घनता अॅल्युमिनियमची आहे. तेवढ्याच आकाराचे वेट टंगस्टनचे असते तर एकेक चारशे ग्रॅमच्या वर गेले असते. म्हणजे खोक्यावरचा आकडा त्याच खोक्यावरच्या धातूशीही जुळत नव्हता. नंतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून मूळ वेटची नवी जोडी आणून त्याच काट्यावर ठेवली, तर प्रत्येकी १६० ग्रॅमच्या आसपास भरली. जड म्हणून विकलेला माल मूळ वेटच्या निम्म्याहूनही हलका होता, आणि मूळ वेट भंगाराच्या डब्यात गेल्यामुळे तुलना करायला माझ्याकडे काही उरणार नाही याची तजवीज आधीच झालेली होती. थरथर का वाढली, याचे उत्तरही यातच आहे: टोकाचे वजन घटल्याने हँडलची लय पुन्हा इंजिनाच्या धक्क्यांच्या जवळ आली.

राहिला तो आलेख. विक्रेत्याने प्रात्यक्षिकाचे चित्रीकरण करून मलाच पाठवले होते. ते संथ गतीने पाहिले तेव्हा पहिल्या भागात टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा २,००० वर आणि दुसऱ्या भागात १,४०० वर दिसला. मधल्या वेळात आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाचे फेरे कमी-जास्त करणारा, स्क्रू फिरवलेला असणार. धक्क्याचा जोर फेऱ्यांच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे एवढ्या फरकानेच तो जवळजवळ निम्मा होतो. किट लावा अथवा लावू नका. शिवाय १,४०० फेरे म्हणजे सेकंदाला जेमतेम २३ धक्के. माझी तक्रार होती ती सेकंदाला १०० धक्क्यांच्या पट्ट्यातली, आणि त्या पट्ट्यात तर त्यांनी मोजणी केलीच नव्हती. केली असती तरी बऱ्याच फोनमधला संवेदक सेकंदाला साधारण शंभर नोंदी घेतो आणि १०० वेळा होणारे कंपन नीट टिपायला २०० हून अधिक नोंदी लागतात, त्यामुळे तो आलेख विश्वासार्ह ठरला नसताच. फोनवरून आठवले म्हणून सांगतो: हँडलवर फोन लावून जाणाऱ्यांनीही सावध असावे. शक्तिशाली मोटारसायकलच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असे खुद्द अॅपलने २०२१ मध्ये जाहीर केलेले आहे.

थरथरीचे मूळ कारण शेवटी आमच्या जुन्या मेकॅनिकने अर्ध्या तासात शोधले. त्याने आधी मला एकाच वेगात दोन वेगळ्या गिअरमध्ये गाडी चालवायला लावली. गिअर बदलताच थरथर बदलली, म्हणजे दोष इंजिनाच्या बाजूचा. ती वेगाबरोबरच राहिली असती तर त्याने चाके, टायर आणि चेन पाहिली असती. मग त्याने इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारे बोल्ट, तपासले. पुढचा एक ढिला होता. तो ठरलेल्या जोराने आवळून मूळ हँडल वेट लावल्यावर थरथर पूर्ण गेली नाही, पण बोटे बधिर होणे थांबले. त्याची मजुरी किटच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नव्हती. किट विकणाऱ्याने बोल्टांना पाना लावून पाहिला असता तर त्याचा माल खपलाच नसता.

विक्रेत्याकडे पैसे परत मागितले तेव्हा पहिले उत्तर ‘बसवलेला माल परत घेत नाही’ असे आले, आणि वजनाचे छायाचित्र पाठवल्यावर उत्तरे येणेच बंद झाले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, परंतु तिलाही त्याने दाद दिली नाही. त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार दाखल केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. बिल नसले तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचे संभाषण, जाहिरातीचे छायाचित्र आणि विक्रेत्याने स्वतः पाठवलेले चित्रीकरण असा पुरावा मी जोडला आहे. खोकेही जपून ठेवले आहे, कारण त्यावर उत्पादकाचे नाव, पत्ता, किंमत, महिना-वर्ष यांपैकी काहीही नाही, आणि २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार हा तपशील छापणे बंधनकारक आहे. ज्यांच्याकडे असा माल असेल त्यांनी तो रागाने फेकून देऊ नये; खोक्यासकट पिशवीत घालून, वर तारीख लिहून ठेवावा.

मध्यंतरी एका मित्राने त्याच विक्रेत्याची नवी जाहिरात पाठवली. किटचे नाव बदलले आहे, धातूचा उल्लेख आता ‘विमानात वापरला जाणारा’ एवढाच आहे, आणि प्रात्यक्षिकाची चौकट अशी धरली आहे की टॅकोमीटर तिच्याबाहेर राहतो. ती जाहिरातही मी आयोगाकडच्या कागदपत्रांना जोडली आहे.