दहा मिलिमीटरच्या प्लगसाठी घेतलेले साधे कॉम्प्रेशन गेज: जुन्या स्प्लेंडरवरचा अनुभव

वडिलांनी १९९९ साली घेतलेली हीरो होंडा स्प्लेंडर आमच्या घरी अजून वापरात आहे, आणि गेल्या पावसाळ्यानंतर तिने जो त्रास द्यायला सुरुवात केली त्यातूनच या गेजची खरेदी झाली. सकाळी गार इंजिनाला दहा-बारा किक मारल्याशिवाय ती दाद देत नसे, चालू झालीच तर चोक सोडताच मान टाकत असे, सिग्नलला बंद पडत असे, आणि दिवे घाटाच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्येही तिचा दम तुटत असे. ज्या मेकॅनिकला गाडी दाखवली त्याने प्लगसुद्धा न काढता, केवळ हाताने किक दाबून पाहून, ‘कॉम्प्रेशन गेलंय, बोअर-पिस्टन करावं लागेल’ असे सांगितले. कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमधल्या हवेवर पडणारा दाब, आणि बोअर-पिस्टन म्हणजे सिलिंडर कापून नवा पिस्टन बसवण्याचे मोठे काम. मेकॅनिकचा अंदाज अगदीच निराधार नव्हता, कारण किक खरोखरच हलकी लागत होती. परंतु कॉम्प्रेशन किती गेले आहे आणि कुठून गेले आहे, हे दोन प्रश्न विचारल्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. त्या दोन प्रश्नांसाठी मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊन साडेआठशे रुपयांना एक कॉम्प्रेशन गेज, म्हणजे प्लगच्या भोकात बसवून हा दाब मोजण्याचे साधन, विकत घेतले. गेले काही महिने ते वापरल्यानंतर हे लिहीत आहे.

वस्तू बिननावाची आहे. लाल प्लास्टिकच्या पेटीत तीनशे पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचे एकक) आकडे असलेली गोल तबकडी, सुमारे तीस सेंटिमीटर लांबीची काळी रबरी नळी, दाब सोडण्यासाठी बाजूला एक छोटे बटण आणि दहा, बारा व चौदा मिलिमीटर आट्यांचे पितळी ॲडॅप्टर, एवढा हा संच. स्प्लेंडरच्या प्लगचे आटे दहा मिलिमीटरचे असल्यामुळे, दहाचा ॲडॅप्टर आहे याची खात्री दुकानातच करून घेणे आवश्यक होते. मोटारींसाठी विकल्या जाणाऱ्या कित्येक संचांत तो नसतोच, आणि घरी आल्यावर कळले तर परत जाण्याचा कंटाळा येऊन गेज कपाटात जाते. ॲडॅप्टरचे आटे स्वच्छ कापलेले आहेत. हाताने फिरवून तो पूर्ण बसतो आणि खालची ओ-रिंग नीट दबते. पाना लावण्याची गरज पडत नाही, आणि लावूही नये, कारण हेड, म्हणजे प्लग बसतो तो सिलिंडरचा माथा, ॲल्युमिनियमचे आहे. त्याचे आटे गेले तर गेजच्या कितीतरी पट खर्च होतो.

पहिल्या दिवशी घेतलेले पहिले वाचन पंचावन्न पीएसआय आले आणि मेकॅनिकचेच खरे असे वाटून मी जवळजवळ हार मानली होती. नंतर लक्षात आले की किक मारताना एक्सिलरेटर सोडलेला होता. कार्बोरेटरमधली स्लाइड खाली बसलेली असताना इंजिनाला हवाच पुरेशी मिळत नाही, आणि जी हवा आत आली नाही ती दाबली कशी जाणार? एक्सिलरेटर पूर्ण पिळून धरला, चोक न ओढता हवेची वाट मोकळी ठेवली आणि सुई वर चढायची थांबेपर्यंत सलग सात-आठ किक मारल्या, तेव्हा सुई ब्याऐंशीवर स्थिरावली. संचासोबतच्या चार ओळींच्या कागदावर या गोष्टीचा उल्लेखही नाही. तसेच, प्लग काढलेला असताना चावी बंद, पेट्रोलचा कॉक बंद आणि प्लगची कॅप भोकापासून दूर ठेवावी, हेही त्यात लिहिलेले नाही. भोकातून दर किकेला पेट्रोलची वाफ बाहेर येते. तिच्या शेजारी ठिणगी पडू देणे शहाणपणाचे नाही.

आता या गेजचा खरा दोष. दाब अडवून धरणारा व्हॉल्व्ह, म्हणजे गाडीच्या ट्यूबमध्ये असतो तसा बारीक कोअर, या गेजमध्ये तबकडीच्या बुडाशी बसवलेला आहे. याचा अर्थ असा की पिस्टन वर आल्यावर हवा केवळ इंजिनाच्या चेंबरमध्येच नव्हे, तर संपूर्ण नळीतही दाबली जाते. मोठ्या इंजिनाला त्याने फारसा फरक पडत नाही. स्प्लेंडरचे इंजिन मात्र पन्नास मिलिमीटर बोअर आणि साडेएकोणपन्नास मिलिमीटर स्ट्रोकचे, एकूण ९७.२ घनसेंटिमीटरचे आहे. कॉम्प्रेशनचे प्रमाण, म्हणजे पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची जागा यांचे गुणोत्तर, नऊच्या आसपास धरले, तर पिस्टन पूर्ण वर असताना वर उरलेली जागा जेमतेम बारा घनसेंटिमीटर भरते. माझ्या नळीचे आतले भोक तीन मिलिमीटरचे असावे असे धरले, तरी तिच्यात आणखी सुमारे दोन घनसेंटिमीटर जागा आहे. बाराचे चौदा झाले की नऊचे प्रमाण आठच्याही खाली येते आणि सुई तेवढी कमी चढते. इंजिन निरोगी असले तरी गेज त्याला आजारी ठरवू शकते, ते असे.

ही शंका मी पडताळूनही पाहिली. एका परिचिताच्या गॅरेजमध्ये प्लगच्या टोकाशीच व्हॉल्व्ह असलेले, अधिक किमतीचे गेज आहे. पुढे सांगितलेली दुरुस्ती झाल्यानंतर, एकाच दिवशी, त्याच गरम इंजिनावर दोन्ही गेज लावून पाहिली, तेव्हा त्याचे वाचन दीडशे आणि माझे एकशे अठ्ठावीस आले. म्हणून माझ्या गेजवरचा आकडा पुस्तिकेतल्या आकड्याशी थेट ताडून पाहण्यात अर्थ नाही. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर असल्याने इथे हवेचाच दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे सहा टक्के कमी असतो. तो फरक मुंबईच्या माणसाने मोजण्याची गरज नाही, सातारा-महाबळेश्वरच्या माणसाने मात्र तो आणखी धरावा. एवढे असूनही हे गेज मी टाकून दिलेले नाही, कारण ते एका बाबतीत प्रामाणिक आहे: लागोपाठ तीनदा मोजले तर तीनही वेळा सुई दोन-तीन पीएसआयच्या आतच थांबते. आधी आणि नंतर यांची तुलना करण्यासाठी तेवढे पुरते.

गेजचा खरा उपयोग झाला तो दुसऱ्या चाचणीत. कोरड्या वाचनानंतर प्लगच्या भोकातून थोडे इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचे; सुई बरीच चढली तर गळती पिस्टनच्या रिंगांपाशी आहे आणि चढली नाही तर इंजिनाच्या व्हॉल्व्हपाशी किंवा हेडच्या गॅस्केटपाशी आहे, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. संचातला कागद मात्र ‘एक चमचा ऑइल’ सांगतो, आणि इथे तो चक्क दिशाभूल करतो. चहाचा एक चमचा म्हणजे सुमारे पाच मिलिलिटर. बारा घनसेंटिमीटरच्या चेंबरमध्ये पाच मिलिलिटर ऑइल ओतले की जागा सातवर येते, आणि रिंगा कशाही असल्या तरी सुई उसळी मारते. मग मालक रिंगा गेल्या असे समजून इंजिन खोलायला बसतो. मी औषधाच्या दुकानातली इंजेक्शनची सिरिंज आणून, तिला बारीक नळी लावून फक्त एक मिलिलिटर ऑइल आत सोडले. आणखी एक अडचण अशी की या इंजिनाचा सिलिंडर जवळपास आडवा आहे, त्यामुळे ऑइल खालच्या बाजूला साचते आणि रिंगांच्या पूर्ण घेरावर पसरत नाही. म्हणून प्लगचे भोक फडक्याने झाकून चार-पाच किक मारल्या आणि मगच गेज लावले. वाचन ब्याऐंशीवरून अठ्ठ्याऐंशी झाले. एक मिलिलिटर ऑइलने जागा कमी झाल्यामुळेच एवढी वाढ होते, तेव्हा रिंगांचा दोष सिद्ध झाला नाही. बोअर-पिस्टनची भाषा तिथेच थांबली.

उरले इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी इनटेकची आणि जळका वायू बाहेर सोडणारी एक्झॉस्टची झडप. इंजिन रात्रभर गार होऊ दिल्यावर सकाळी टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा दाबून तो उघडणाऱ्या भागाची, दोन्ही झाकणे काढली, मॅग्नेटोच्या बाजूचे गोल बूच उघडले आणि प्लगच्या भोकावर अंगठा धरून, हवेचा रेटा जाणवेल त्या फेऱ्यात पिस्टन पूर्ण वर आल्याची फ्लायव्हीलवरची ‘टी’ची खूण जुळवली. अंगठ्याची ही युक्ती महत्त्वाची आहे, कारण पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो आणि चुकीच्या वेळी टॅपेट मोजले तर सगळेच गणित उलटे होते. इनटेकच्या टॅपेटला बोटाने हलवल्यावर बारीक टकटक ऐकू येत होती. एक्झॉस्टचा टॅपेट मात्र दगडासारखा घट्ट होता, फट मोजण्याच्या फीलर गेजची ०.०५ मिलिमीटरची पट्टी सोडाच, सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा त्यात शिरत नव्हती. वर्षानुवर्षांच्या वापराने व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत आणखी आत बसत जातो, त्याचा दांडा वर येतो आणि फट हळूहळू नाहीशी होते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही आणि जी हवा दाबली जायला हवी ती सायलेन्सरच्या वाटेने निसटते. आवाज करणारा टॅपेट सगळ्यांच्या कानावर येतो आणि लगेच दुरुस्तीला जातो. गप्प बसलेला टॅपेट मात्र व्हॉल्व्ह जाळतो आणि कोणाला कळत नाही. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची जाहिरात करून ही गाड्यांची पिढी विकली गेली होती, आणि आमच्या घरात त्या सल्ल्याचे जरा जास्तच पालन झाले होते.

नऊ नंबरच्या पान्याने टॅपेटचा स्क्रू जागेवर धरणारा चेकनट सैल करून, ०.०५ मिलिमीटरची पट्टी किंचित अडखळत सरकेल इतकी फट ठेवली आणि चेकनट आवळल्यावर पुन्हा मोजली, कारण आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो. ही फट माझ्या गाडीची आहे. इतरांनी आपापल्या गाडीची पुस्तिका पाहावी. त्यानंतर गेजवर एकशे चौदा आले, आणि आठवडाभर गाडी चालवल्यावर, व्हॉल्व्हच्या बैठकीवरचा कार्बन झिजला असावा, वाचन एकशे अठ्ठावीसवर गेले. सकाळची गाडी दुसऱ्या किकला चालू होऊ लागली. खर्च झाला तो टॅपेटच्या झाकणांच्या दोन नव्या ओ-रिंगांचा, ज्या नाना पेठेत सुट्ट्या मिळाल्या.

सिग्नलला बंद पडण्याचा त्रास मात्र पूर्ण गेला नाही, आणि तिथे हे गेज आपल्याला काहीच सांगत नाही हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. कॉम्प्रेशन उत्तम असूनही गाडी आयडलला डचमळत होती. त्याचे कारण कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या इन्सुलेटरची कडक झालेली ओ-रिंग निघाले. साबणाचे पाणी त्या सांध्यावर फवारले असता इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला, तेव्हा ते सापडले. ठिणगी, जेट, हवेची चोरटी गळती यांपैकी कोणतीही गोष्ट गेज दाखवत नाही, म्हणून कॉम्प्रेशन गेज घेतले की निदान झाले, या समजुतीने कोणी पैसे घालू नयेत. निदानाच्या क्रमात ते प्लग आणि फीलर गेज यांच्या नंतर येते. टॅपेट मी आधीच पाहिला असता तर गेजची गरज कदाचित पडलीही नसती, हे कबूल करतो. पण दुरुस्तीने फरक किती पडला, हे मला त्याच्यावाचून सांगता आले नसते.

टिकाऊपणाबद्दल एक तक्रार आहे. दुसऱ्या महिन्यात सुई वर थांबेनाशी झाली; किक थांबताच ती हळूहळू खाली घसरू लागली. कोअर खराब झाल्याचे दिसले आणि मी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून ट्यूबचा नवा कोअर घेऊन बसवला. तो बसला खरा, पण वाचन एकदम दहा-बारा पीएसआयने कमी आले, कारण ट्यूबच्या कोअरची स्प्रिंग बरीच कडक असते आणि ती उघडण्यातच थोडा दाब खर्च होतो. गेजसाठीचा मऊ स्प्रिंगचा कोअर वेगळा मागावा लागतो, आणि दुकानदाराला तो फरक समजावून सांगताना माझी बरीच शक्ती गेली. अखेर मिळाला तो चाळीस रुपयांना, आणि वाचन पूर्ववत झाले. संचातच असा एक जादा कोअर दिला असता तर किंमत फारशी वाढली नसती.

पंच्याहत्तर ते दीडशे सीसीच्या लहान गाडीसाठी हे गेज घेणार असाल, तर दुकानात पेटी उघडून नळीचे प्लगकडचे टोक हातात घ्या आणि आत डोकावून पाहा. कोअरची बारीक पितळी पिन तिथेच दिसत असेल, तर दोन-तीनशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही. माझ्या संचासारखी पिन तबकडीच्या बुडाशी असेल, तर आकड्यावर विसंबू नका. गाडी ठणठणीत असताना एकदा मोजून तो आकडा पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. माझ्या पेटीत आता १२८ असे लिहिलेले आहे, आणि त्याखाली तारीख.