मुलाखतीच्या सरावाचे दीड हजार: पाचपैकी एक तारा

बारावीला ५८ टक्के, सीईटीला ७१ पर्सेंटाइल. एवढ्या जिवावर पुण्यातल्या एका ट्रस्टचं शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा वाटलं चुकून आलंय. फॉर्मवर स्पष्ट छापलं होतं, '७० टक्क्यांपुढच्यांना प्राधान्य'. जावं की नको, यात चार दिवस घालवले. मामा म्हणाला, "अगं, मार्क वाचूनच बोलावलंय ना त्यांनी? प्राधान्य म्हणजे अट नव्हे." तरी भीती जाईना, म्हणून बार्शीतल्या एका क्लासच्या सराव-मुलाखतीला १,५०० रुपये भरले.

दोन तास सांगितले होते. त्यात आम्ही सहाजण, माझ्या वाट्याला पंधरा मिनिटं. 'स्वतःविषयी सांगा' हे सरांनी इंग्रजीतून पाठ करून घेतलं. कमी मार्कांचं विचारलं तर? "आजारी होते म्हणायचं." मी आजारी नव्हते. फिजिक्स जमलं नाही, एवढंच. खुर्च्या चांगल्या होत्या, एक तारा त्यांचा.

अर्ध्या तिकिटात एसटीनं स्वारगेट गाठलं. मुलाखत चक्क मराठीत! समोर तिघं, आणि सगळ्यात वर माझीच मार्कशीट. "फिजिक्सचं काय झालं?" म्हटलं, "डेरिव्हेशन पाठ केली, गणितं सोडवलीच नाहीत." बाई हसल्या आणि विषय संपला.

खरी गाडी अडली पैशांवर. "२०२४-२५ पासून सरकारनं मुलींची फी माफ केलीय, मग तुला पैसे कशाला?" आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत, त्यामुळे शिक्षण शुल्क माफ होतं हे खरं. पण मेस थोडीच माफ होते? मावसबहीण पुण्यात शिकते, तिच्याकडून आकडे घेतले होते: मेस ३,२००, कॉटचं भाडं २,५००. बसचा पास, झेरॉक्स, ड्रॉइंगचं सामान मी विसरलेच होते. ते एका काकांनी स्वतः पेन काढून माझ्या कागदावर लिहिलं. हा हिशेब करायला लावला असता तर दीड हजार वसूल झाले असते. क्लासात त्याचा उल्लेखही नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मूळ प्रत न्यावा लागतो, हेही कुणी बोललं नाही. माझ्याकडे होता तो मामामुळे.

ट्रस्टचा निकाल अजून यायचाय. क्लासमधून मात्र दोनदा फोन येऊन गेला: सिलेक्शन झालं की फोटो पाठव, बॅनरवर लावायचाय.