प्लॅस्टिकचं कॉलम शटरिंग : आठ महिने आणि 320 चाव्या

डिसेंबरात प्लॅस्टिक पॅनलचे चार कॉलमचे सेट घेतले, म्हणजे खांबाचं काँक्रीट ओतायचे साचे. तेव्हापासून लातूर शहरात आणि औसा तालुक्यात मिळून 76 कॉलम त्यावर ओतले. आज लिहायला बसलो ते काल विक्रेत्याशी फोनवर झालेल्या भांडणामुळे. मला पॅनल एकमेकांना अडकवायच्या 23 चाव्या पाहिजेत. तो म्हणतो, सुट्या मिळत नाहीत, शंभराचं पाकीट घ्या. तुटलेल्या बदलून द्या म्हणालो, तर चावी वॉरंटीत येत नाही म्हणाला. सेट घेताना ही गोष्ट त्यानं एकदाही काढली नव्हती.

ज्यांनी हे वापरलंय त्यांना चावी म्हणजे काय ते माहीतच आहे. पॅनलच्या कडेच्या भोकात घालायची आणि पाव फेरा फिरवायची. खिळा नाही, तार नाही, नट-बोल्ट नाही. माझ्या सेटला पॅनलमागे पाच, म्हणजे 64 पॅनलला 320 चाव्या आल्या. सगळं शटरिंग या बोटभर तुकड्यांवर उभं राहतं. एका दमात 10 फूट कॉलम भरला, तर ओल्या काँक्रीटचा दाब तळाशी दर चौरस मीटरला सात टनांच्या वर जातो. तो दाब धरणारी वस्तू जर ही असेल, तर ती सुटी मिळालीच पाहिजे.

पहिले तीन महिने मी ह्या मालाचं कौतुक करत फिरलो. माझी जुनी 3 बाय 2 फुटांची लोखंडी प्लेट काट्यावर 19 किलो भरली, तेवढ्याच क्षेत्रफळाचं हे पॅनल साडेदहा. वरच्या मजल्यावर चढवताना बायामाणसांची पाठ वाचते, हे मला पैशापेक्षा मोठं वाटतं. काँक्रीट चिकटत नाही, त्यामुळे प्लेटांना फासायचं काळं ऑइल बंद झालं. ओल्या गोणपाटानं पुसलं की पॅनल परत उभं करायला तयार. 2016 ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. साइटवर धुण्यासाठी टँकर लागत नाही, याची किंमत आम्हाला कळते. आणखी एक फायदा कुणी सांगत नाही. लोखंडी प्लेटा रात्रीतून उचलून भंगारात जातात. माझ्या गेल्या वर्षी नऊ गेल्या. प्लॅस्टिकच्या पॅनलला अजून कुणी हात लावलेला नाही.

मार्चमध्ये चाव्या तुटायला लागल्या. एका रात्री कॉलम भरताना तळाच्या दोन चाव्या एकामागून एक गेल्या, कोपरा उघडला आणि स्लरी, म्हणजे काँक्रीटमधलं सिमेंटचं पातळ पाणी, बाहेर आली. सकाळी खोललं तर तळाला फूटभर नुसती खडी दिसत होती. इंजिनिअरांनी सैल भाग फोडून भरून घ्यायला लावला. त्या दिवसाची मजुरी गेली आणि मालकासमोर मान खाली गेली ती वेगळी. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "तुमची माणसं नीट वापरत नाहीत."

मी भांडलो. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. डिसेंबर ते फेब्रुवारी एकही चावी तुटली नव्हती. माणसं तीच, कॉलम तेच. मग मार्चमध्येच काय झालं?

उत्तर आमच्या मिस्त्रींच्या बायकोनं दिलं. चाव्या लावायचं काम त्याच करतात. म्हणाल्या, "मालक, सकाळी हातानं फिरत्यात की ह्या. दुपारच्यालाच हातोडा लागायलाय."

तिथं सगळं उलगडलं. उन्हानं प्लॅस्टिक लोखंडाच्या सहा ते दहापट वाढतं. थप्पीतलं वरचं पॅनल तापलेलं, खालचं गार. पाऊण मीटरच्या पॅनलला 25 अंशांच्या फरकानं दीड-दोन मिमी वाढ येते, लोखंडाला एवढ्यात पाव मिमीही येत नाही. तेवढ्यानं भोकाला भोक लागत नाही. पोरं हातोडीनं चावी ठोकतात, तिला बारीक चीर जाते आणि रात्री काँक्रीटचा भार आला की ती तुटते.

तेव्हापासून पॅनल सावलीत ठेवतो, जोडणी सकाळी दहाच्या आत उरकतो. भरताना तीन-तीन फुटांचे थर देतो आणि काँक्रीट दाबून बसवायच्या व्हायब्रेटरची निडल पॅनलला टेकू देत नाही. एप्रिल-मेच्या 42 अंशांतही फक्त दोन तुटल्या, त्याही उंचावरून पडून. म्हणून विक्रेत्यावरचा माझा अर्धा राग मी मागे घेतो. उरलेला अर्धा घेत नाही. मराठवाड्यात माल विकताना ऊन सांगायला पाहिजे.

दुसरी तक्रार मापाची होती. पॅनलची भोकं 50 मिमीच्या टप्प्यानं आहेत. आपल्याकडे नकाशावर कॉलम 9 बाय 12 इंच, म्हणजे 230 बाय 300 मिमी. इथं 230 बसतच नाही, 250 करावं लागतं. 18 कॉलमच्या घराला त्यानं अडीच पोती सिमेंट जास्त गेलं, सळ्यांभोवतीच्या रिंगाही मोठ्या कराव्या लागल्या. मी हे इंजिनिअरांपुढे मांडलं, तर त्यांनी मलाच विचारलं की 9 इंची कॉलम करताच कशाला? भूकंपाचा विचार करून बांधायच्या आरसीसीसाठी आयएस 13920 या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत कॉलमची कमीत कमी बाजू 300 मिमी आहे. साइट औसा तालुक्यात होती, किल्लारी त्याच तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगड-मातीच्या घरांखाली माणसं गेली, ते आठवणारा घरमालक शेजारीच उभा होता. तो म्हणाला, बारा बाय बारा करा. 300 बाय 300 या पॅनलवर बरोबर बसतं. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला 9 इंच सुचवतच नाही.

स्लॅबला मात्र माझ्याकडे अजून लोखंडी प्लेटा आणि जॅकच आहेत. तिथं प्लॅस्टिक वापरलेलं नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. कॉलमच्या बाजूचं शटरिंग आयएस 456 या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे 16 ते 24 तासांत खोलता येतं, त्यामुळे चार सेटवर रोज चार कॉलम निघतात. लहान ठेकेदाराला तेवढं पुरतं.

हिशोब असा : 17 तुटल्या, 6 हरवल्या, 297 शिल्लक. हरवलेल्यांत आधी अकरा होत्या. त्यातल्या पाच साइटवरच्या लेकरांकडे सापडल्या, दोरी गुंडाळून भोवऱ्यासारख्या फिरवत होती. आता चाव्यांना पिवळा रंग दिलाय आणि संध्याकाळी मोजून बादलीत टाकल्याशिवाय हजेरी मांडत नाही.

पोळ्यानंतर पुढचं काम सुरू होतंय. लातूर-औसा भागात कुणाकडे हेच पॅनल असतील आणि शंभराचं पाकीट वाटून घ्यायचं असेल तर कळवा. मला 23 पुरेत, फार तर 30 घेईन.