मृत्युंजय आधी की युगान्त?

भाचीचा पुण्याहून फोन आला. "मामा, महाभारतावरचं एकच पुस्तक घेतेय सध्या. मृत्युंजय घेऊ की युगान्त?" एकच का, असं तोंडावर आलं होतं, पण तिच्या हॉस्टेलमधलं कपाट मी पाहिलंय. फोनवर मी नुसताच "दोन्ही चांगली आहेत" म्हणून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी माझंच मला बरं वाटेना.

दोन्ही पुस्तकं 1967 सालची, तरी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी. मृत्युंजय ही कर्णावरची कादंबरी लिहिणारे शिवाजी सावंत तेव्हा पंचविशी नुकतीच ओलांडलेले, आजऱ्याचे, कोल्हापुरात शिक्षक. युगान्त हा लेखसंग्रह लिहिणाऱ्या इरावती कर्वे साठी उलटलेल्या, डेक्कन कॉलेजात आयुष्य गेलेल्या मानववंशशास्त्रज्ञ. एकाने कर्णाला जवळ घेतलं. दुसरीने सगळ्यांनाच समोर बसवून जाब विचारला.

मृत्युंजय मी नववीच्या सुट्टीत आजोळी वाचलं. सातशेच्या वर पानं, आणि माळ्यावर एकच झरोका. ऊन सरकेल तसं मी सरकायचो. रथाचं चाक रुतलं त्या दुपारी जेवायला खाली उतरलोच नाही, तर आजीला वाटलं ऊन लागलं, तिने कांदा फोडून ठेवला. त्या वयात पुस्तकाने इतकं धरून ठेवणं ही काही थोडकी गोष्ट नाही. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते खाल्ल्या घरचे वासे मोजल्यासारखं वाटेल, पण वाटो.

1999 मध्ये अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्याला आधीच अंधुक दिसायचं. वाचायला बंदी. रोज रात्री जेवणं झाली की मी तासभर वाचून दाखवायचो आणि सुरुवात अर्थातच मृत्युंजयने केली. कादंबरी सहा जण सांगतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाचा धाकटा भाऊ शोण, कर्णाची बायको वृषाली आणि कृष्ण. कल्पना सुरेख आहे. पण दर दोन-चार पानांनी अण्णा विचारायचे, "आता कोण बोलतंय?" मी पानं मागे उलटून बघायचो. "वृषाली." जरा वेळाने परत, "आणि आता?" "अजून वृषालीच, अण्णा." चौथ्या की पाचव्या रात्री ते उशीला टेकून शांतपणे म्हणाले, "या सगळ्यांचा मास्तर एकच दिसतोय."

तेवढं एक वाक्य, पण डोक्यातून जाईना. मग मी कुठलंही पान उघडायचो, नावं अंगठ्याखाली झाकायचो आणि नुसत्या बोलण्याच्या ढंगावरून माणूस ओळखायचा प्रयत्न करायचो. बहुतेक वेळा हरलो. उपमांवर उपमा, भारदस्त, लयीत येणारी वाक्यं. कर्णाला ती शोभतात, सूर्याचा मुलगा आहे तो. पण सारथ्याच्या घरातला धाकटा भाऊही तसाच बोलतो, आणि दुर्योधनही. हे मोठ्याने वाचल्यामुळे जास्त खुपलं असेल, कबूल. मनातल्या मनात वाचताना गोष्टीचा ओघ असा असतो की कोण बोलतंय याची फिकीर राहत नाही. नववीत मलाही राहिली नव्हती. पण एकदा ऐकू आलं ते आता ऐकू येत नाही असं होत नाही.

मृत्युंजय अर्ध्यावर ठेवून युगान्त काढलं. 'गांधारी' हा लेख. वनात आलेले म्हातारे धृतराष्ट्र-गांधारी त्या डोळ्यांवरच्या पट्टीबद्दल एकमेकांशी बोलतात. एरवी पुराव्यावाचून पाऊल न टाकणाऱ्या इरावतीबाई इथे कल्पनेला मोकळं सोडतात. अण्णांनी "कोण बोलतंय" विचारलं नाही. नवरा-बायको जन्मभराचं साचलेलं बोलताहेत हे त्यांना कळत होतं. मध्येच त्यांचा हात स्वतःच्या पट्टीकडे गेला आणि आई स्वयंपाकघरातली भांडी थांबवून दारात येऊन उभी राहिली.

आता युगान्तचं दुखणंही सांगतो. कर्णभक्ताने ते हातात घेताना मन घट्ट करावं. द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रं काढायला सांगणारा आणि घोषयात्रेत गंधर्वांसमोरून पळालेला कर्ण महाभारतातच आहे, आणि बाई त्याला वेगळी सूट देत नाहीत. त्यांचा पाया पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे जुनी हस्तलिखितं ताडून ठरवलेला महाभारताचा पाठ, 1919 ला सुरू झालेलं आणि 1966 ला पुरं झालेलं काम. "सूताला वरणार नाही" हे स्वयंवरातलं आपल्या सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य त्या आवृत्तीच्या मूळ पाठात नाही. हे वाचून मला आधी राग आला, मग बरं वाटलं. राग कुणावर, ते अजून ठरलेलं नाही. शिवाय हे लेख आहेत, गोष्ट नव्हे. महाभारत ढोबळमानानेही माहीत नसेल तर काही पानं कोरडी जातील.

रणजित देसाईंचं राधेय आणि दुर्गा भागवतांचं व्यासपर्व, ही महाभारतावरचीच पुस्तकं, मुद्दाम बाजूला ठेवतोय. व्यासपर्वाचा विषय काढला तर मी माझंच मत फिरवीन.

वय, सवड आणि स्वभाव यांवर बरंच अवलंबून आहे, हे खरंच. समोर मोकळी सुट्टी असेल आणि कर्णासाठी रडायची तयारी असेल तर मृत्युंजय घ्यावं, मात्र सलग वाचावं. रोज दहा पानांच्या हप्त्याने त्याची भरती ओसरते. नोकरीतून अर्धा-पाऊण तास मिळत असेल तर युगान्त, रात्रीला एक लेख. फक्त सुरुवात पहिल्या लेखाने करू नये. तो भीष्मावरचा, नाव 'शेवटचा प्रयत्न', आणि त्यात वाद फार आहे. भाचीला परत फोन करून एवढंच सांगितलं: गांधारीपासून उघड, आणि जमलं तर आईला मोठ्याने वाचून दाखव.