रविवारचं जेवण हॉटेलात जाऊन की ॲपवरून? आमच्या घरापुरता हिशेब

परवा माझ्या मावसभावाचा फोन आला होता. तो पुण्याजवळ वाकडला राहतो, दोघंही नोकरीला, मुलगी तीन वर्षांची. बोलता बोलता म्हणाला, दादा, या महिन्याचं बाहेरच्या खाण्याचं बिल बघून धडकीच भरली, आता एकतर हॉटेलात जाणं बंद करतो नाहीतर फोनमधलं ॲप तरी काढून टाकतो, तुम्ही काय करता? आम्ही या दोन्हीतून गेलोय. साधारण दीड वर्ष रविवारचं सगळं मागवून खाल्लं आणि आता आठ-नऊ महिने झाले पुन्हा जाऊन खातोय, म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा नीट लिहून काढतोय. आम्ही पुण्यात कर्वेनगरला, घरात पाच माणसं, आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. एकट्या माणसाचं गणित कदाचित वेगळं येईल.

महागलंय यात वादच नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या उडप्याकडे मसाला डोसा साठ रुपयांना खाल्लेला मला चांगला आठवतोय, आता तोच एकशे दहाला आहे. पण सगळा दोष हॉटेलवाल्याच्या माथी मारावा असं मला वाटत नाही. त्याला १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर घ्यावा लागतो आणि त्याचा भाव महिन्याच्या एक तारखेला बदलतो. तेलाचंही तसंच, सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, मग मे २०२५ च्या शेवटी ते १० वर आणलं. शुल्क खाली आलं पण मेनूकार्डावरचे भाव काही खाली आले नाहीत, आमच्या भागात तरी नाही. त्यात गाळ्याचं भाडं आणि वस्तादाचा, म्हणजे मुख्य आचाऱ्याचा, पगार धरा, चांगला वस्ताद टिकवायचा तर पैसे मोजावेच लागतात. तेव्हा महाग का झालं हे मला कळतं. माझा प्रश्न एवढाच होता की तेवढेच पैसे घालवायचे असतील तर कुठे घालवले की वाटतं, चला, वसूल झाले.

आता दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघू. गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम एक केलं, एकाच हॉटेलातलं एकच जेवण एका रविवारी ॲपवरून मागवलं आणि पुढच्या रविवारी तिथेच जाऊन खाल्लं. एक व्हेज कोल्हापुरी, एक दाल तडका, एक जिरा राईस आणि आठ रोट्या. हॉटेलात हे साडेआठशेला बसलं, वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ८९३. तेच ॲपवर पदार्थांचेच झाले ९९८, कारण प्रत्येक पदार्थाचा ॲपवरचा भाव मेनूकार्डापेक्षा जास्त, रोटीसुद्धा तीसची छत्तीस. मग पॅकिंगचे साठ, मग जीएसटी, मग डिलिव्हरी, मग प्लॅटफॉर्म फी, म्हणजे दर ऑर्डरमागे ॲप स्वतःसाठी घेतं ते. ही प्लॅटफॉर्म फी २०२३ साली आली तेव्हा दोन रुपये होती म्हणून कोणी लक्ष दिलं नाही, बघता बघता दहाच्या वर गेली. शंभरचं कूपन लावूनही हजार साठ-पासष्ट झाले. कूपन लावलं की फोनवर मोठ्या अक्षरात येतं की तुम्ही शंभर रुपये वाचवले, पण हॉटेलच्या बिलाशेजारी ठेवून बघितलं तर आपण एकशे सत्तर जास्तच दिलेले असतात. हॉटेलवाल्याला यात दोष देता येत नाही, त्याला ॲपचं कमिशन द्यायचंय, ते तो भावातच टाकणार.

जीएसटीची एक गोष्ट मलाही उशिरा कळली. छोट्या हॉटेलवाल्यांपैकी बरेचजण कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असतात, दीड कोटीच्या आतल्या उलाढालीला ती चालते, आणि अशा हॉटेलाला गिऱ्हाइकाच्या बिलात जीएसटी वेगळा लावता येत नाही, तो त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. म्हणजे तिथे बसून खाल्लं तर मेनूकार्डावर जे लिहिलंय तेवढंच द्यायचं. पण त्याच हॉटेलातलं ॲपवरून मागवलं की ५ टक्के लागतातच, कारण १ जानेवारी २०२२ पासून जेवणावरचा हा कर ॲपने गोळा करून भरायचा असा नियम आहे, हॉटेल कितीही छोटं असलं तरी. आमचं मिसळीचं ठिकाण असंच आहे. तिथे बिलात कधी टॅक्सची ओळ नसते आणि ॲपवर असते, मी बरेच दिवस समजत होतो की ॲपवालेच काहीतरी जास्तीचं लावतायत.

आता हॉटेलची बाजू सगळी गोडच आहे असं मी म्हणणार नाही. वर ८९३ लिहिलं ते चाचणी म्हणून, नेहमी बिल तिथे थांबत नाही. जागा मिळेपर्यंत मुलांना भूक लागते, मग बसल्या बसल्या मसाला पापड येतो, एक मंचुरियन येतं, आईला शेवटी ताक हवं असतं, मुलं आईस्क्रीमच्या फ्रीजपाशी जाऊन उभी राहतात, आणि बिल बाराशे-साडेबाराशेला जातं. वर टिप, पार्किंग, पेट्रोल. रविवारी आठनंतर गेलात तर अर्धा-पाऊण तास बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची तयारी हवी. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे वरच्या मजल्यावरची हॉटेलं आम्ही सोडूनच दिलीत. पाण्याचं सांगायचं तर बसल्याबरोबर सीलबंद बाटल्या टेबलावर येतात, तेव्हाच दादा, साधं पाणी आणा म्हणायचं, सुरुवातीला मला संकोच वाटायचा, आता नाही वाटत. आणि जरा मोठ्या हॉटेलात बिलाच्या तळाशी सर्व्हिस चार्ज असतो, तो देणं सक्तीचं नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. काउंटरवर शांतपणे सांगितलं की बहुतेक ठिकाणी काढून देतात, नाहीच ऐकलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

तर निव्वळ पैसे मोजले तर महिन्याच्या शेवटी दोन्ही जवळपास सारखेच पडतात, कधी कधी हॉटेलच थोडं जास्त. माझं मन ज्याने फिरलं ते पैशाचं नव्हतंच, ते रश्श्याचं होतं.

पावसाळ्यातला एक रविवार, सकाळी पाच मिसळी मागवल्या. आमच्या नेहमीच्याच ठिकाणच्या, चवीबद्दल शंका नाही. पिशवी आली, टेबलावर मांडली. उसळ गोल डब्यात, फरसाण वेगळ्या पुडीत, पाव कागदात, कांदा इवल्याशा पिशवीत गाठ मारून, लिंबाची नखाएवढी फोड, आणि रस्सा एका प्लास्टिकच्या डबीत, माणशी एक, झाकणावर दोन वेळा चिकटपट्टी गुंडाळलेली. ती सोडवता सोडवता थोडा रस्सा हिच्या हातावरच सांडला. उरलेला वाट्यांमध्ये ओतला तर उसळीच्या अंगालगत जेमतेम एक बोटभर. पहिला पाव संपायच्या आत वाट्या कोरड्या. मुलगा म्हणाला, बाबा रस्सा, आणि मी उठून स्वयंपाकघरात जाऊन उगाचच रिकामी पिशवी उघडून बघितली. आईने तिचा रस्सा नातवाच्या वाटीत ओतला आणि दुसरा पाव चहात बुडवून खाल्ला. म्हणाली, माझं झालं रे पोट भरून. तिचं पोट कशाने भरतं हे मला माहितीये, तिला मिसळ आवडते ती रश्श्यासाठीच.

तेच त्या हॉटेलात गेलं की पोरगा किटली घेऊन टेबलांमधून फिरतच असतो. आजी, रस्सा? आणि हो-नाही म्हणायच्या आत वाटीत वाफाळता रस्सा पडलेला असतो, वर तर्री हवी तर तीही. कोल्हापूरला गेलात तर कट मागा, तिथे रश्श्याला तसं म्हणतात. लिंबू कमी पडलं तर लिंबू येतं, कांदा संपला की कांदा. उडप्याकडे सांबाराचंही तेच, इडली दोन असल्या तरी सांबार तीन वाट्या होतं आमच्या धाकटीचं. पंजाबी हॉटेलात दालीला वरून फोडणी द्या म्हटलं, भाजी तिखट झाली म्हणून जरा क्रीम टाका म्हटलं, की वेटर वाटी उचलून आत जातो. यातलं काही मेनूकार्डावर लिहिलेलं नसतं आणि बहुतेक ठिकाणी त्याचे पैसेही लागत नाहीत. आपल्याकडच्या बाहेरच्या खाण्यात पैसे वसूल होतात ते मला वाटतं इथेच होतात, मागून घेण्यात आणि न मागता वाढण्यात. पार्सलमध्ये सगळं मोजून येतं, डबीत जेवढं मावतं तेवढंच, आणि कमी पडलं तर विचारणार कोणाला? ॲपवर जास्तीचा रस्सा घेता येतो काही ठिकाणी, पण तो पंचवीस-तीस रुपयांना, वर त्याचं पॅकिंग. पैशाचं मी एकवेळ चालवून घेतलं असतं, पण आई तिथे बसून तीन वेळा रस्सा घेते आणि घरी एकदाही मागत नाही, हे मला चालेना.

हे माझं झालं. थाळीच्या हॉटेलात तर हा फरक अजूनच मोठा आहे, पण ती थाळी आता माणशी चारशेच्या पुढे गेलीये आणि मुलं दोन पुऱ्या खाऊन उठतात, त्यामुळे ते आम्ही वर्षातून एक-दोनदाच, पाहुणे आले तर.

मधला एक रस्ता आहे तो सांगतो कारण त्याचा विचार फार कमी लोक करतात, स्वतः जाऊन पार्सल आणणं. भाव मेनूकार्डाचा लागतो, डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म फी वाचते, घरचे स्टीलचे डबे नेले तर आमचा हॉटेलवाला पॅकिंगचेही लावत नाही आणि डबा मोठा दिसला की रस्सा मोकळ्या हाताने घालतो. आईचे गुडघे जास्त दुखत असतील त्या रविवारी आम्ही हेच करतो. फक्त गरम असताना डब्याचं झाकण घट्ट लावू नका, रोट्या तर कापडातच गुंडाळून आणा, फॉइलमध्ये वाफ धरून त्या चिवट होतात. आणि आठवड्यातल्या दिवसांसाठी माझं मत विचाराल तर दोन्ही नको, जवळचं पोळी-भाजी केंद्र गाठा, पोळ्या नगावर, भाजी पावशेर, घरी फक्त कुकर लावायचा.

मावसभावाला मात्र मी ॲप काढून टाक असं काही सांगितलं नाही. त्याची मुलगी साडेसातला पेंगते, दोघंही आठला घरी पोचतात, अशा घरात रात्री दार वाजवून कोणी गरम जेवण आणून देत असेल तर त्याचे शंभर-दीडशे जास्त गेले तरी गेले. आजारपण, धो धो पाऊस, रात्रपाळी, घरात तान्हं बाळ, अशा वेळी मीही मागवतो आणि बिलाकडे बघत नाही. त्याला एवढंच म्हटलं की मागवायचंच तर जे मोजून आलं तरी चालतं ते मागव, बिर्याणी, पुलाव, सँडविच. रश्श्याचं, सांबाराचं, आमटीचं जे काही असेल ते तिथे बसून खा. आणि रविवारी सातच्या आत जा, मुलगीही जागी असते आणि टेबलही लगेच मिळतं. वाकडला कुठे चांगलं मिळतं ते त्याचं त्यालाच शोधावं लागेल, मला तो भाग फारसा माहीत नाही.

एक धाकधूक मात्र आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या एका मिसळवाल्याने भिंतीवर नवीन पाटी लावलीये, जास्तीचा रस्सा २० रुपये. आमच्या ठिकाणी अजून किटली फिरतेय. पण तिथेही उद्या तशी पाटी लागली तर मला हा सगळा हिशेब पुन्हा मांडायला लागेल, आणि आई तर ती पाटी वाचून पहिल्या वाटीनंतर रस्सा घेणारच नाही.