खाली बसवलेली गाडी आणि एक्सलची कटकट: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगच्या सेटचा हा माझा अनुभव. स्प्रिंगचा रेट (कडकपणा), रंग वगैरे पेटीवर छापलेलं असतं, त्यात जागा घालवत नाही. पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेली छोटी गाडी, ३५ मिमी खाली, शॉकअप मूळचेच, टायर १६५/८० आर१४. विजापूर रोडला गाडी सुरेख चालते, सात रस्त्याच्या वळणावर झुकत नाही. आता मुद्द्याचं बोलू, म्हणजे स्टिअरिंग तोडून (पूर्ण वळवून) गाडीला जोर देताना येणाऱ्या आवाजाचं.

सोलापुरात खाली बसवलेली गाडी गॅरेजला नेली की मिस्त्री बोनेट उघडायच्या आधीच सांगतो, "एक्सल गेला. गाडी खाली केली की जातोच." जोडीचा खर्च काही हजारांत जातो. पण हिशेब मांडून बघा. एक्सल म्हणजे गिअरबॉक्सचा जोर चाकाला पोचवणारा शाफ्ट, आत गिअरबॉक्सकडे एक आणि बाहेर चाकाकडे एक असे त्याला दोन वळणारे जॉइंट. मूळ उंचीला हा शाफ्ट बहुधा गिअरबॉक्सकडून चाकाकडे थोडा उतरता असतो. ४०० मिमी शाफ्टला ३५ मिमीचा फरक म्हणजे जेमतेम ५ अंश, आणि तेवढ्याने तो जवळपास आडवा येतो. बाहेरचा जॉइंट तर पूर्ण स्टिअरिंगवर ४० अंशांच्या आसपास वळायलाच बनवलेला असतो. ५ अंशांनी तो मरत नाही. फाटलेल्या बुटाने, म्हणजे जॉइंटवरच्या रबरी आवरणाने मरतो.

आधी आवाजाची लय ऐका, पाना नंतर. या मापाच्या टायरचा घेर जवळपास १.९५ मीटर. ताशी १० किमीला चाक सेकंदाला साधारण दीड फेरा घेतं. जुळे सोलापुरातला एखादा मोकळा प्लॉट गाठा, काचा खाली करा, पहिल्या गिअरमध्ये पूर्ण स्टिअरिंग तोडून गोल फिरा आणि हलका अ‍ॅक्सिलरेटर द्या. कट-कट-कट चाकाबरोबर वाढली, पाय काढल्यावर मंदावली, तर बाहेरचा जॉइंट. डावीकडे-उजवीकडे दोन्ही गोल घ्या, मग रिव्हर्समध्येही घ्या. जॉइंटमधल्या पोलादी गोळ्या खोबणीच्या दुसऱ्या बाजूला टेकतात, त्यामुळे पुढे जाताना दबलेला आवाज कधी मागे येताना उघडा पडतो. उजवीकडे वळताना आवाज म्हणजे डावा जॉइंट, हा नियम बऱ्याचदा लागू पडतो, पण त्याच्या भरवशावर पार्ट मागवू नका.

एकदाच "टक" होऊन गप्प बसत असेल, आणि पुढून रिव्हर्सला किंवा रिव्हर्सवरून पुढे गेल्यावरच पुन्हा येत असेल, तर जॉइंटला हात लावू नका. हा आवाज शाफ्टचा खांदा हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) बेअरिंगला जिथे टेकतो तिथला असतो. दोन कोरडे पृष्ठभाग, जोर उलटला की एकमेकांवर किंचित सरकतात. उपाय फुटकळ आहे, पण नीट करणारे कमी. चाक जमिनीवर असतानाच, हँडब्रेक ओढून आणि मागे अडण लावून, शाफ्टच्या टोकावरच्या नटाचा ठोकून बसवलेला काठ सरळ करा आणि नट सैल करा. मग जॅक आणि त्याखाली स्टँड. लाकडाचा ठोकळा धरून शाफ्ट थोडा आत सरकवा. ब्रश पोचत नसेल तर लोअर बॉल जॉइंट (चाकाला खालून धरणारा सांधा) सोडवा. खांदा आणि दाते पुसून मॉलिब्डेनमच्या ग्रीसचा पातळ हात द्या. एबीएसवाल्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीत बेअरिंगच्या आतल्या तोंडाशी चुंबकीय पट्टी असू शकते. तिथे पॉलिश पेपरचा किंवा लोखंडाचा कीस जाऊ देऊ नका. नट नवाच, आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) टॉर्क पान्यानेच. आपल्याकडे हवेच्या गनने "टर्रर्र" करून मोकळे होतात, तिथेच दोन महिन्यांत टक परत येते. नट सैल असताना गाडी एक इंचही ढकलायची नाही, बेअरिंग बाद होतं.

उन्हाळाभर माझं मत असं होतं की या स्प्रिंगचा जॉइंटशी काहीच संबंध नाही. पावसाळ्यानंतर ते थोडं बदललं, आतल्या ट्रायपॉडमुळे, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या तीन रोलरच्या जॉइंटमुळे. त्याचे रोलर वर्षानुवर्षं एकाच जागी घासून पन्हळ पाडतात. उंची बदलली की ते त्या पन्हळीच्या काठावर चढतात आणि जोर दिल्यावर गाडी थरथरते, कटकट मात्र होत नाही. जास्त किलोमीटर झालेल्या गाडीला म्हणून हा सेट विचार करूनच घ्या.

बुटाकडेही पावसाळ्यातच नीट लक्ष जातं. इथली काळी माती बुटाच्या घड्यांत चिकटून वाळते आणि दगडासारखी होते. स्टिअरिंग तोडून टॉर्चने घड्या उघडून बघा. रिमच्या आत ग्रीसचा शिंतोडा गोल फिरलेला दिसला तर फाटलाच म्हणा. आवाज नसेल तर जॉइंट रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून, नव्या बुटाच्या किटमधलं मॉलिब्डेनम ग्रीस भरा. साधं चॅसिस ग्रीस चालत नाही. छोटी क्लिप आवळायच्या आधी बुटातली हवा काढा. क्लिपचा कान उभा राहिला तर तो नकलला (हब धरणाऱ्या ओतीव भागाला) घासतो आणि हुबेहूब जॉइंटसारखा आवाज करतो. कटकट सुरू झाल्यावर मात्र खोबणीत खड्डे पडलेले असतात. ग्रीसने थोडे दिवस मिळतात, बस.

गॅरेजमधली एक खोड सांगायलाच हवी. लिफ्टवर चाकं लोंबकळत ठेवून गिअर टाकतात आणि "बघा, वाजतंय" म्हणतात. पूर्ण लोंबलेल्या कोनात चांगला जॉइंटही कुरकुरतो. शाफ्ट हाताने आत-बाहेर हलतो हेही दाखवतात. आतल्या जॉइंटला ती हालचाल असायलाच हवी. बाहेरच्याला पिळून खेळ जाणवला तर गोष्ट वेगळी.

उभ्या गाडीत नुसतं स्टिअरिंग फिरवून "टण्ण" होत असेल तर स्प्रिंगचं टोक सीटच्या पायरीला टेकलेलं नाही किंवा वरचं स्ट्रट बेअरिंग (स्प्रिंग-शॉकअपच्या वरच्या टोकाचं) अडकतंय. स्प्रिंग कापून खाली केलेल्या गाड्यांत हे नेहमीचंच. सरळ रस्त्यात एका बाजूच्या स्पीडब्रेकरवर वाजलं तर लिंक रॉड (झुकणं रोखणाऱ्या अँटी-रोल बारला जोडणारी दांडी). लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे, नाहीतर त्यातला रबरी बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.

स्प्रिंगला पाचपैकी साडेतीन. एवढे पैसे घेऊन पेटीत आखूड बंप स्टॉप (गाडी पूर्ण दबली की धक्का झेलणारे ठोकळे) देत नाहीत, ते वेगळे शोधत फिरावं लागतं, म्हणून अर्धा गुण तिथेच कापला. बाकीचा एक बसवणाऱ्यासाठी सूचनेचा एक कागदही नाही म्हणून.